बट नंबर सतरा

उद्यापासून किल्ल्या तुमच्याकडे, चिंचोले.
बसा. स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेका.
भिंत निजामाच्या अमदानीतली, तीन हात जाड,
मे महिन्यात परभणी तापते तेव्हाही हिच्या पोटात गारवा.
सगळ्यात जुन्या रजिस्टरचं पहिलं पान उर्दूत आहे.
मला वाचता येत नाही. दर साली धूळ झटकतो,
खालची सही तेवढी बघतो, आपलाच कुणीतरी.

कंपनी पिस्तुलाला नाव देत नाही, नुसता आकडा देते.
नावं ठेवायला आम्ही आहोत.
हा पहिला आकडा. सगळं पोलाद, अक्रोडाची मूठ,
कमरेला लावलं की माणूस एका अंगाला कलायचा.
आम्ही म्हणायचो वरवंटा.
दुसऱ्यात गोळ्या दोन ओळींत बसल्या,
एसटीच्या बाकड्यावर तिघांत चौघं बसावेत तशा,
आठाच्या तेरा झाल्या,
आणि मूठ फुगली.
लहान हाताच्या माणसानं काय करायचं
हे कंपनीला पुढं लई वर्षं सुचलं नाही.

आता एक गोष्ट. पुस्तकात नाही ही.
भुजंग कापसे, जिंतूर रोडचा नाका, पहाटेची नाकाबंदी.
जीपमधून उतरताना म्यानाचं चामडं उसवलं.
सतरा नंबर डांबरावर पडलं
आणि पडता पडता बोललं.
एकच शब्द. नडगीतून आरपार.

माझा जबाब झाला. शस्त्र सुस्थितीत होतं का?
होतं, साहेब.
खटका लावलेला होता?
होता.
मग उडालं काहून?
आत सुई मोकळी होती, साहेब,
तिला धरून ठेवणारं कुणी नव्हतं.
साहेबांनी लिहिलं: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

चार वर्षांनी पेट्या आल्या. तिसरा आकडा.
अंग प्लास्टिकचं. आमचे मोठे हवालदार ग्यानबा ढगे,
त्यांनी उचललं, नखानं टिचकी मारली,
"हे तर उरसातलं खेळणं," म्हणाले,
आणि त्याच महिन्यात रिटायर झाले.
मी उघडलं. आत, सुईच्या वाटेत,
जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक दट्ट्या.
बोटानं घोडा ओढल्याशिवाय वाट सोडत नाही.
पुस्तकात लिहिलंय, सुधारणा क्रमांक चार.

कंपनीला काय ठाऊक परभणी.
कुठल्या कुठल्या गावात
कुणाकुणाच्या नडग्या फुटल्या असतील,
तेव्हा एवढा दाणा पडला असेल.
मी त्याला भुजंगराव म्हणतो.
पुसायला घेतलं की म्हणतो, या भुजंगराव, तेल घ्या.
हसू नका. हसा, हसलात तरी चालेल.

ते स्वतः कंट्रोल रूमला होते, लंगडत, वायरलेसवर.
खंडेनवमीला मात्र इथं यायचे.
सगळे नव्या पिस्तुलांना झेंडू वाहतात,
पाकळ्या आत जातात, मला दसऱ्यापर्यंत उपसत बसावं लागतं.
ते सरळ कोपऱ्यात जायचे, सतराकडं.
हळद नाही, फूल नाही.
नुसतं उभं राहायचे, भांडण झालेल्या भावाकडं गेल्यासारखे.

हा शेवटचा आकडा. तुमच्या नावावर निघणारा.
याच्या मुठीला मागून तीन पट्ट्या येतात,
मोठी, मधली, लहान.
लहान पट्ट्यांची पिशवी आठ वर्षं कुणी फोडली नव्हती.
काल मी फोडली.
हात दाखवा.
बसली बघा.

आता सही. नग मोजून घ्या, माझ्यावर विसंबू नका.
सतरा नंबर बाद यादीत आहे, मोडायचा हुकूम
सहा वर्षं झाली, येतोय.
तोवर महिन्यातून एकदा तेल,
मी देत होतो, तुमची मर्जी.
आणि हा लाल शेरा:
एक राऊंड खर्च. केस जमा. गोळी मिळाली नाही.
डांबरात असेल.
त्यावरून रस्ता दोनदा झाला.